साहेबांची घाई आणि खांबावरचा माणूस

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कामाच्या ठिकाणच्या ताणाविषयी वृत्तपत्रांतून हल्ली पुष्कळ लिहून येते आणि ते यावेच. परंतु त्यातील बहुतेक लेखनात वरिष्ठ हा ताण देणारा आणि कनिष्ठ हा तो सोसणारा अशी सरळ वाटणी केलेली असते. वीजवितरणाच्या कामात चौतीस वर्षे काढून, त्यांपैकी शेवटची बरीच वर्षे कोकणातल्या एका उपविभागाचा प्रमुख म्हणून काम करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याला ही वाटणी अपुरी वाटते. दरडावणारा, दर पाच मिनिटांनी फोन करणारा, ‘मला कारणे नकोत’ असे ऐकवणारा साहेब बहुतेक वेळा आतून धास्तावलेला असतो. फक्त त्याची धास्ती रागाचे कपडे घालून बाहेर पडते, म्हणून ती ओळखू येत नाही. माझा एक भाचा पुण्यात संगणक क्षेत्रात आहे. अलीकडेच त्याच्या हाताखाली अठरा जणांचा गट आला, तेव्हा त्याने मला विचारले, “मामा, एवढ्या वादळांत, एवढ्या फोनांत तुम्हाला कधी भीती वाटली नाही का?” त्याला घरी दिलेले उत्तर जरा विस्ताराने येथे लिहितो, कारण ते वीज खात्यापुरते नाही.

भीती वाटत होती. भीतीपोटी मी एकदा एका माणसाचा जीव जवळजवळ घेतला होता.

ही गोष्ट २००९ सालच्या जूनमधली. मृगाचा पहिला मोठा पाऊस वाऱ्यासह आला आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या तालुक्याच्या गावाला वीज देणारा ११ केव्हीचा (११ हजार व्होल्टचा) फीडर, म्हणजे मुख्य वाहिनी, बंद पडला. एका वळणावर आंब्याची फांदी तारांवर पडून जंप, म्हणजे दोन तारांना जोडणारा तारेचा तुकडा, तुटला होता. काम फार मोठे नव्हते, पण अंधार पडला होता, पाऊस थांबत नव्हता, ग्रामीण रुग्णालय जनरेटरवर चालले होते आणि त्यातले डिझेल किती वेळ पुरेल याची चौकशी सुरू झाली होती. माझ्याकडे त्या वेळी दोन मोबाइल आणि टेबलावर एक साधा फोन होता, आणि तिन्ही वाजत होते. आमदारांच्या स्वीय सहायकांचा फोन येऊन गेला, तहसीलदारांचा आला, एका वधूपित्याचा आला, कारण त्याच्या अंगणात हळदीचा मांडव उभा होता. अधीक्षक अभियंता दर पंधरा मिनिटांनी एकच प्रश्न विचारत होते. प्रत्येक फोन ठेवताच मी वायरमनला फोन लावत होतो. तो बिचारा एका हाताने टॉर्च धरून दुसऱ्या हाताने माझा फोन उचलत होता.

साडेआठला तो म्हणाला, “दहा मिनिटांत होतंय, साहेब.” त्यानंतर त्याचा फोन लागेना. डोंगराच्या कुशीतला तो भाग, रेंज जाणे नवीन नव्हते. दहाची पंधरा मिनिटे झाली. वरून पुन्हा फोन आला. मी उपकेंद्रात फोन लावला आणि यंत्रचालकाला सांगितले, “काम झालेलं आहे, फीडर चार्ज करा.” म्हणजे त्यात वीज सोडा.

ज्यांना आमच्या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी येथे थोडे थांबून सांगणे भाग आहे. वाहिनीवर काम करायचे असेल तर वायरमन उपकेंद्राकडून ‘परमिट’ घेतो. यंत्रचालक ब्रेकर उघडतो, पुढचा स्विच उघडून कुलूप लावतो, वाहिनी अर्थ करतो म्हणजे जमिनीशी जोडतो, ‘माणसे कामावर आहेत’ अशी पाटी अडकवतो आणि परमिट-बुकात नोंद करून क्रमांक देतो. काम संपल्यावर ज्याने परमिट घेतले त्यानेच ‘माणसे, साहित्य आणि अर्थिंग काढले’ असे सांगून ते परत करायचे, आणि ते परत आल्याशिवाय कोणीही, म्हणजे अक्षरशः कोणीही, वीज सोडायची नाही. हा नियम मी स्वतः शेकडो जणांना प्रशिक्षणात शिकवला होता.

यंत्रचालक पन्नाशीचा, मितभाषी माणूस. तो म्हणाला, “परमिट परत आलेलं नाही, साहेब.” मी म्हणालो, “मी सांगतोय ना, काम झालंय म्हणून.” तो म्हणाला, “झालं असेल. पण परमिट तुमच्या नावावर नाही, त्याच्या नावावर आहे. तो बोलल्याबिगर मी चार्ज करणार नाही.” त्यानंतर मी जे बोललो ते सगळे येथे लिहीत नाही. बदलीचा उल्लेख त्यात होता, एवढे पुरे. त्याने सर्व ऐकून घेतले आणि “बरं, साहेब,” म्हणून फोन ठेवला. वीज मात्र सोडली नाही.

नऊ वाजायला दोन मिनिटे असताना एका दुकानदाराच्या फोनवरून वायरमन बोलला. फांदीचा उरलेला भाग पुढच्या दोन खांबांमधल्या तारांवर कोसळला होता. एका बाजूची अर्थिंगची साखळी काढून झाली होती आणि त्याचा मदतनीस पुढच्या खांबावर चढलेला होता. “अजून अर्धा तास तरी लागेल, साहेब.”

मी फोन ठेवला आणि हातातला पेन टेबलावर ठेवायला गेलो तो खाली पडला. तो उचलण्याइतकी ताकद हातात नव्हती. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात जाऊन लॉगशीट पाहिली. यंत्रचालकाच्या टपोऱ्या अक्षरांत नोंद होती : ‘२०.४७. उपविभाग अधिकारी यांचा फोन. फीडर चार्ज करण्यास सांगितले. परमिट बाकी. चार्ज केला नाही.’ कुठे विशेषण नाही, तक्रार नाही. त्या नोंदीखाली मी सही केली आणि त्याची माफी मागितली. तो अवघडला आणि म्हणाला, “चहा घेणार का?”

त्या रात्री मी खोटे बोललो नव्हतो, आणि या प्रसंगातली मला आजही भिववणारी गोष्ट तीच आहे. काम झाले आहे असे मला खरोखरच वाटत होते. ते झालेले असावे अशी निकड इतकी होती की ‘दहा मिनिटांत होतंय’ या वाक्याचे पंधरा मिनिटांनी माझ्या डोक्यात आपोआप ‘झाले’ असे रूपांतर झाले. धास्तावलेल्या माणसाचे हृदय धडधडते, हात कापतात हे आपण जाणतो; पण त्याची नजर अरुंद होते आणि जी माहिती हाती नसते तिची जागा त्याची इच्छा भरून काढते, हे आपण ध्यानात घेत नाही. अधिकार नसलेल्या माणसाच्या बाबतीत ही चूक त्याच्यापुरती राहते. अधिकाऱ्याच्या बाबतीत तिचा हुकूम होतो.

विमानवाहतुकीच्या इतिहासातला सर्वांत मोठा अपघात याच घडणीचा आहे, हे मला पुढे वाचनातून कळले. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ येथील धावपट्टीवर दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मृत्यू पावली. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने अनेक विमाने या लहान विमानतळाकडे वळवलेली, धुके दाटत चाललेले, आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांवर नव्याने आलेली कडक मर्यादा डच विमानाच्या कप्तानाच्या डोक्यावर टांगलेली होती. हा कप्तान नवशिका नव्हता. तो आपल्या कंपनीत इतर वैमानिकांना शिकवणारा ज्येष्ठ अधिकारी होता. परवानगी मिळाली आहे असे धरून त्याने विमान धावपट्टीवर पळवले. कॉकपिटमधल्या अभियंत्याने ‘ते दुसरे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही का?’ अशा अर्थाचा प्रश्न विचारला. कप्तानाने ठामपणे ‘झाले आहे’ असे सांगितले, आणि अभियंता गप्प बसला. मला त्या अभियंत्याच्या जागी आमचा यंत्रचालक दिसतो. फरक इतकाच की आमच्या यंत्रचालकाच्या हातात लेखी परमिट होते आणि कळ त्याच्या खोलीत होती. त्या अभियंत्याच्या हाती फक्त शंका होती आणि कळ कप्तानाच्या हातात होती. अशा अपघातांनंतर १९७९ साली नासाने या विषयावर कार्यशाळा भरवली आणि पुढे जगभरच्या विमान कंपन्यांनी कनिष्ठाने कप्तानाला कसे टोकावे आणि कप्तानाने ते कसे ऐकून घ्यावे याचे रीतसर शिक्षण सुरू केले. आपल्या कार्यालयांत टोकणाऱ्याला आजही ‘उद्धट’ म्हणतात.

म्हणून दडपणाखाली स्थिर राहणे हा स्वभावगुण आहे, काहींना तो जन्मतः मिळतो आणि इतरांनी त्यांचे कौतुक करावे, हे मला पटत नाही. माझा स्वभाव २००९ नंतर बदलला नाही. बदलली ती मांडणी. शांत असताना केलेले नियम अशांत असताना स्वतःलाही मोडता येऊ नयेत, आणि ते मोडू पाहणाऱ्या साहेबाला खालच्या माणसाने नाही म्हणावे, अशी व्यवस्था मी आधी करून ठेवू लागलो. दरवर्षी मे महिन्यात सर्व यंत्रचालकांना एकत्र बसवून मी ती लॉगशीटवरची नोंद वाचून दाखवत असे आणि सांगत असे की माझा फोन आला तरी असेच लिहायचे.

दुसरी गोष्ट फोनांची. वरून निघालेले दडपण खाली येताना कसे बदलते हे मी पुढे काही पावसाळे मुद्दाम कान देऊन ऐकले. सर्वांत वरचा माणूस साधेपणाने विचारतो, “वीज कधी येईल?” त्याच्या खालचा म्हणतो, “अजून आली कशी नाही?” त्याच्या खालचा, “तुम्ही करताय काय तिथे?” आणि खांबाशी पोहोचेपर्यंत त्या प्रश्नाची शिवी झालेली असते. वड्याचे तेल वांग्यावर काढण्याची ही साखळी आहे आणि तिच्यातला प्रत्येक जण आपण फक्त निरोप पुढे दिला असे प्रामाणिकपणे समजतो. ज्याच्याकडे जबाबदारी आहे त्याने या साखळीत एका ठिकाणी थांबायला हवे, म्हणजे वरचा दाब आपल्यापाशी घ्यायचा आणि खाली फक्त काम पाठवायचे. आमच्याच धंद्यातले रोहित्र, ज्याला सगळे ट्रान्सफॉर्मर म्हणतात, ते तरी दुसरे काय करते? वरून येणारे ११ हजार व्होल्ट ते जसेच्या तसे घरात जाऊ देत नाही.

हे प्रत्यक्षात कसे करायचे, तर मी तीन-चार साध्या गोष्टी केल्या. उच्चस्तर लिपिकाला फोनांपाशी बसवले. वायरमन आणि उपकेंद्रे यांच्याशी मी बोलणार, बाकी जगाशी तो. एक चौकडीची वही घेतली आणि प्रत्येक बिघाडाखाली ‘काय माहीत आहे’, ‘काय माहीत नाही’ आणि ‘पुढचा निरोप किती वाजता’ असे तीन रकाने आखले. यातला मधला रकाना सर्वांत मोलाचा ठरला. त्यात ‘मदतनीस खाली उतरला का?’ असे एकदा लिहिले की ते झाले असे गृहीत धरणे अवघड जाते. तिसऱ्या रकान्याचा परिणाम मलाच अनपेक्षित होता. वरिष्ठांना ‘प्रयत्न चालू आहेत, साहेब’ असे मोघम सांगण्याऐवजी ‘फांदी काढणे चालू आहे, वेळ अजून सांगता येत नाही, साडेनऊला मीच फोन करतो’ असे सांगितले आणि साडेनऊला, काही नवीन नसले तरी, खरोखर फोन केला, की मधले दोन-तीन फोन येईनासे होतात. वरचा माणूसही धास्तावलेलाच असतो. त्याला वीज नको असते असे नाही, पण वीज येईपर्यंत निदान एक वेळ हवी असते, जी तो आपल्या वरच्याला सांगू शकेल. वायरमनला मात्र मी फोन करणे बंद केले. त्याने काम संपल्यावर किंवा अडल्यावर करायचा, इतकेच ठरले.

शरीराचेही थोडे सांगतो, जरी आमच्या पिढीतल्या पुरुषांना हे बोलायला संकोच वाटतो. फोन घेण्यापूर्वी श्वास सावकाश, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून, तीनदा सोडायचा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरते, हे शरीरशास्त्र आहे, त्याला कोणाची दीक्षा लागत नाही. त्याहून महत्त्वाची झोप. वादळानंतर सलग तीन रात्री कार्यालयात बसून राहणाऱ्या अधिकाऱ्याचे आपल्याकडे कौतुक होते, मीही ते करून घेतले आहे. पण ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. आणि आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. ज्या अवस्थेत अधिकाऱ्याला जीप चालवू देणार नाही, त्या अवस्थेत आपण त्याला तालुक्याची वीज चालवू देतो. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा मी निवृत्त झालो होतो, पण तिकडे गेलेल्या जुन्या सहकाऱ्यांशी रोज बोलणे होत असे. हजारो खांब आडवे झालेले, कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात, अशा वेळी काम रात्रीचे नसते, आठवड्यांचे असते. त्यांच्यापैकी एकाने पहिल्याच दिवशी आपल्या उपअभियंत्याबरोबर पाळी ठरवून घेतली आणि स्वतःच्या पाळीनंतर फोन बंद करून झोपला. त्याच्यावर टीका झाली. त्याच्या पथकांत एकही अपघात झाला नाही. या एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मला कळते, तरी ते सांगावेसे वाटते.

सतीश धवन यांची गोष्ट या विषयावरच्या प्रत्येक व्याख्यानात येते, म्हणून ती टाळणार होतो. पण ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हे उपग्रह प्रक्षेपक यान बंगालच्या उपसागरात कोसळले, तेव्हा इस्रोचे अध्यक्ष धवन यांनी पत्रकारांसमोर जाऊन अपयशाची जबाबदारी स्वतःवर घेतली, आणि १८ जुलै १९८० रोजी यश मिळाले तेव्हा प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांना पत्रकारांपुढे पाठवले, हा अर्धा भाग सर्वांना ठाऊक असतो. उरलेला अर्धा कलामांनीच पुढे अनेक भाषणांत सांगितला आहे : पहिल्या उड्डाणाच्या वेळी संगणकाने मोहीम थांबवण्याचा इशारा दिला होता, सोबतच्या तज्ज्ञांनी अडचण येणार नाही असा हिशेब दिला आणि कलामांनी तो इशारा बाजूला सारून उड्डाण पुढे नेले. म्हणजे तेथेही ‘परमिट परत आलेले नाही’ असे सांगणारे कोणीतरी होते. कलामांसारख्या माणसाकडून हे घडू शकते तर आपली काय कथा, असा मला त्यातून दिलासाही मिळतो आणि धाकही बसतो. आणि धवन यांच्या वागण्याकडे मोठ्या मनाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते, त्यात त्यांच्या कामाची बाजू झाकली जाते. त्यांनी दडपण आपल्यापाशी थांबवले, त्यामुळे खालच्या लोकांना आपली कातडी वाचवण्याऐवजी चूक शोधायला वेळ मिळाला, आणि ती एका वर्षाच्या आत दुरुस्त झाली.

आपल्याकडे याच्या नेमके उलट होते. बिघाड दुरुस्त होण्याआधी ‘कारणे दाखवा’ नोटीस निघते आणि एकदा ती निघाली की सत्य संपले. त्यानंतर कार्यालयात फक्त खुलासे तयार होतात. माझ्या यंत्रचालकाला खुलासा मागवला असता तर पुढच्या वेळी त्याने लॉगशीटमध्ये काहीच लिहिले नसते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. शांत राहणे म्हणजे बेफिकीर असणे नव्हे. मी असेही अधिकारी पाहिले आहेत ज्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नसे, कारण त्यांना परिस्थितीची कल्पनाच नसे. आणि ‘काही होत नाही हो’ हे त्यांचे पालुपद ऐकून हाताखालच्या लोकांचे धाबे दणाणत असे. थोडी धास्ती उपयोगाची असते. यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवले होते की उत्तेजना काही मर्यादेपर्यंत शिकण्याला मदत करते आणि काम अवघड असेल तर ती मर्यादा लवकर येते. आमच्या भाषेत सांगायचे तर काळजी मे महिन्यात करायची असते. वाहिन्यांवर आलेल्या फांद्या तोडणे, खांबांचे सैल झालेले ताण (आधाराच्या तारा) ओढून घेणे, फुटके इन्सुलेटर बदलणे, डिस्चार्ज रॉड (तारांतली उरलेली वीज जमिनीत उतरवणारा दांडा) आणि हातमोजे तपासणे, जनरेटर असलेल्या प्रत्येक ग्राहकाकडे चेंजओव्हर स्विच आहे ना, की त्याची वीज उलटी फिरून आमच्याच माणसाला लागेल, हे पाहणे. मे महिन्यात ज्याला रात्री झोप लागली नाही त्याला जूनमध्ये लागते. जूनमधली काळजी मात्र फक्त आवाज वाढवते.

‘मला काळजी वाटते आहे’ हे हाताखालच्या लोकांसमोर बोलावे की नाही, असे भाच्याने विचारले. माझा अनुभव असा की बोलावे, पण त्यापाशी थांबू नये. “रुग्णालयाचं डिझेल दहापर्यंत पुरेल, याची मला काळजी आहे. म्हणून आधी तो फीडर, गाव नंतर,” असे म्हटले की लोकांना साहेब माणूस असल्याचेही कळते आणि काय करायचे तेही कळते. काही नाहीच असा आव आणला तर तो लपत नाही; आवाज फुटतोच.

अर्थात हे सगळे एका माणसावर ढकलून मोकळे होता येत नाही. एका अधिकाऱ्याकडे दोन उपविभागांचा अतिरिक्त कार्यभार, वायरमनच्या जागा रिकाम्या, ऐन मुसळधार पावसात संध्याकाळी सात वाजता वसुलीच्या उद्दिष्टांवर व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स), आणि येणाऱ्या प्रत्येक पत्रावर ‘अतितात्काळ’ असा शिक्का. सगळीच पत्रे अतितात्काळ असली की त्यांतले खरोखर तातडीचे कोणते हे ओळखण्याची शक्तीच मरून जाते. यावर उपाय म्हणून ताणमुक्तीची शिबिरे भरवतात. असे एक शिबिर एका कार्यालयात शनिवारी सुट्टीच्या दिवशी भरले होते, आणि वादळाच्या कामामुळे त्याला येऊ न शकलेल्या अभियंत्यांकडून गैरहजेरीचा लेखी खुलासा मागवण्यात आला होता. मी तो दिला आहे. ‘ताण असल्यामुळे ताणमुक्ती शिबिरास उपस्थित राहू शकलो नाही’ असे लिहिण्याचा मोह आवरला, याचा मला आता खेद होतो.

आणि काहींच्या बाबतीत प्रकरण वह्या-रकान्यांच्या पलीकडे गेलेले असते. आठवडेच्या आठवडे झोप नाही, फोनची घंटी वाजताच छातीत धडकी, पहाटे तीनला उठून चुका आठवणे, संध्याकाळी ‘दोन घेतल्याशिवाय’ डोके शांत न होणे. माझ्या ओळखीतले दोघे अधिकारी असे खचत गेलेले मी पाहिले आणि दोघांनीही डॉक्टरकडे जायला उशीर केला, कारण ही गोष्ट गोपनीय अहवालात उतरेल, बढती अडेल अशी त्यांना भीती होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराला विमा संरक्षण शारीरिक आजाराप्रमाणेच देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले आहे. १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही शासनाची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. वरिष्ठांपैकी एकाने जरी बैठकीत उघडपणे सांगितले की ‘मी गेलो होतो, मला उपयोग झाला’, तर दहा शिबिरांचे काम होईल. मी स्वतः नोकरीत असताना हे सांगण्याचे धैर्य केले नाही. २००९ च्या त्या रात्रीनंतर चार महिने मी रत्नागिरीला एका मानसोपचारतज्ज्ञांकडे जात होतो आणि घरच्यांखेरीज ते कोणालाही ठाऊक नव्हते. ते आज प्रथमच लिहीत आहे.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून संबंधितांकडे दोनच मागण्या कराव्याशा वाटतात. त्या वीजवितरणापुरत्या आहेत, पण पाणीपुरवठा, रुग्णालये, एसटीचे आगार येथेही त्यांचे भाषांतर करून घेता येईल. पहिली अशी की हवामान खात्याने ज्या दिवशी जिल्ह्याला लाल किंवा नारिंगी इशारा दिला असेल त्या दिवशी क्षेत्रीय अधिकाऱ्यांच्या आढावा बैठका आणि व्हीसी घेऊ नयेत, आणि माहिती हवी असेल तर ती ठरलेल्या वेळीच मागावी. दुसरी अशी की परमिट परत आल्याशिवाय वीज सोडण्यास नकार देणाऱ्या यंत्रचालकाला, तो नकार कितीही वरच्या अधिकाऱ्याला दिलेला असो आणि नंतर काम खरोखरच झालेले होते असे निघो, कोणतीही शिक्षा होणार नाही, असे एक परिपत्रक काढून ते प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर फोनच्या शेजारी लावावे. पावसाळा तोंडावर आला आहे. भिंती रिकाम्या आहेत.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त उपकार्यकारी अभियंता
जि. रत्नागिरी